बर्फ, वाळू आणि वीज: वेगवेगळ्या हवामानाच्या देशांतल्या इलेक्ट्रिक गाड्या (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

"नॉर्वेत जमतं, मग बाकीच्यांना का नाही?" या एका प्रश्नाची अनेक रूपं आमच्याकडे येत असतात. कुणी थंडीबद्दल विचारतं, कुणी वाळवंटाबद्दल, कुणी कोळशाबद्दल. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसऱ्यात उगाळलेला नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नॉर्वेत ८९ टक्के गाड्या इलेक्ट्रिक आहेत असं वाचलं. म्हणजे रस्त्यावरच्या शंभर गाड्यांत ८९?

नाही. ८८.९ टक्के हा २०२४ मधल्या नव्या गाड्यांच्या विक्रीचा आकडा आहे. रस्त्यावरचं चित्र त्याच्या बरंच मागून येतं, कारण एकदा घेतलेली गाडी पंधरा-वीस वर्षं फिरते. नॉर्वेच्या नोंदणीत इलेक्ट्रिक गाड्यांनी पेट्रोल गाड्यांना मागे टाकलं ते सप्टेंबर २०२४ मध्ये. दोन्हींची संख्या साडेसात लाखांच्या वर होती आणि फरक जेमतेम चारशे गाड्यांचा होता. डिझेलच्या गाड्या तेव्हाही दहा लाखांच्या आसपास होत्याच.

दुसरा घोळ चीनच्या आकड्यांत होतो. तिथे "नव्या ऊर्जेच्या गाड्या" या नावाखाली प्लग-इन हायब्रिडही मोजतात, म्हणजे बॅटरीबरोबर पेट्रोलची टाकी असलेल्या गाड्याही. या पानावर "ईव्ही" म्हणजे फक्त बॅटरीवर चालणारी गाडी. जिथे हायब्रिड धरले आहेत तिथे तसं सांगितलं आहे.

२. थंडीत बॅटरी बसते म्हणतात. मग बर्फाच्या देशातच ईव्ही सर्वांत जास्त कशा?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. थंडीत रेंज कमी होते हे खरंच आहे. नॉर्वेच्या ऑटोमोबाइल फेडरेशनने २०२० च्या हिवाळ्यात २० गाड्या शेजारी शेजारी चालवून पाहिल्या. कंपनीने सांगितलेल्या रेंजपेक्षा त्या सरासरी १८.५ टक्के कमी चालल्या. म्हणजे ४०० किलोमीटरची गाडी सव्वातीनशेच्या आसपास थांबणार. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर जाणाऱ्याला याने काही फरक पडत नाही, कारण गाडी रात्री दारात चार्जिंगला लागलेली असते. सकाळी निघण्याआधी ती भिंतीतल्या विजेवरच आतून गरम करून घेता येते, काचेवरचं बर्फही वितळलेलं असतं. ज्याने पेट्रोल गाडीची काच पहाटे खरवडली आहे, त्याला या सोयीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

शिवाय नॉर्वे आपल्या कल्पनेइतका थंडगार नाही. किनाऱ्याला उबदार समुद्रप्रवाह लागून जातो, त्यामुळे ऑस्लोची जानेवारीची सरासरी शून्याच्या थोडीच खाली असते आणि बर्गेनची शून्याच्या वर. खरी कडक थंडी आणि लांबलांबची अंतरं उत्तरेला फिनमार्ककडे आहेत, आणि ईव्हीचा प्रसारही तिकडे सावकाशच झाला. थंडीचा परिणाम होतच नाही असं नाही, पण करांनी तो झाकून टाकला. ते प्रश्न ६ मध्ये.

३. थंडीत नेमकं काय होतं? बॅटरीतली वीज उडून जाते का?

वीज कुठे जात नाही, बाहेर यायला कुरकुरते. लिथियमचे आयन ज्या द्रवातून इकडून तिकडे जातात तो थंडीत दाट होतो, आतला विरोध वाढतो, आणि तेवढीच शक्ती काढायला जास्त नासाडी होते. गाडी गरम झाली की यातला बराचसा भाग परत मिळतो.

मोठा खर्च असतो तो माणसांना ऊब देण्याचा. पेट्रोल इंजिन इंधनातली निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णता म्हणून वाया घालवतं, त्या फुकटच्या उष्णतेवर केबिन गरम होते. विजेची मोटर जवळपास काहीच वाया घालवत नाही, म्हणून उष्णता मुद्दाम तयार करावी लागते. हिशेब मांडून बघा. कडाक्याच्या थंडीत हीटर तासाला ३ युनिट खातो असं धरू. शहरातल्या गर्दीत तासाभरात ३० किलोमीटर कापले तर चालायला सुमारे ५ युनिट लागतात, त्यावर हीटरचे ३, म्हणजे खर्च साठ टक्क्यांनी वाढला. हमरस्त्यावर त्याच तासात ९० किलोमीटर कापले तर चालायलाच १८ युनिट लागतात, त्यावर ३ म्हणजे सहावा हिस्सा. त्यामुळे "थंडीत रेंज निम्मी झाली" म्हणणारा आणि "फारसा फरक नाही" म्हणणारा, दोघंही खरं बोलत असू शकतात. एक गर्दीत अडकलेला असतो, दुसरा लांबच्या प्रवासाला निघालेला.

हीट पंप असलेली गाडी बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढते आणि हा खर्च बराच कमी करते. मात्र पारा फारच घसरला की तिचाही फायदा आटत जातो.

४. मग थंडी जास्त वाईट की ऊन?

रेंजचा विचार केला तर थंडी. बाहेर ४५ अंश असताना आत २४ ठेवायचे म्हणजे २१ अंशांचा फरक. बाहेर उणे २० असताना आत २० म्हणजे ४० अंशांचा. एसीचं काम निम्मं असतं. उकाड्यात बॅटरीतला आतला विरोधही वाढत नाही.

बॅटरीच्या आयुष्याचा विचार केला तर मात्र ऊन. थंडीचं नुकसान बहुतेक तात्पुरतं असतं, उष्णतेचं कायमचं. गरम बॅटरीत नको त्या रासायनिक क्रिया सतत चालू राहतात, गाडी नुसती उभी असली तरी. याचा धडा २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात मिळाला. फीनिक्सच्या उन्हात निसान लीफ गाड्यांची क्षमता भराभर घटू लागली. त्या गाडीत बॅटरी थंड ठेवायला द्रव फिरवण्याची सोय नव्हती. पुढे कंपनीने बॅटरीचं रसायन बदललं आणि क्षमतेची हमीही दिली. आजच्या बहुतेक गाड्यांत बॅटरीला स्वतःची कूलिंग असते, त्यामुळे वाळवंटातली ईव्ही दोन-तीन वर्षांत निकामी होते ही समजूत जुनी झाली. तरीही भर उन्हात गाडी पूर्ण चार्ज करून आठवडाभर उभी ठेवू नये.

५. जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत ईव्ही रस्त्यात बंद पडल्या होत्या. तेव्हा नॉर्वेवाले काय करत होते?

ऑफिसला जात होते. शिकागोत तेव्हा पारा उणे १८ च्या खाली गेला होता आणि फास्ट चार्जरवर तासन् तास रांगा लागल्या. थंडीने गारठलेली बॅटरी जलद चार्ज घेत नाही. शून्याच्या खाली जोरात चार्ज केलं तर लिथियम धातूच्या रूपात साचून बॅटरी खराब होते, म्हणून गाडीची यंत्रणाच वेग आवळते. यावर उपाय म्हणजे चार्जरकडे निघतानाच नकाशात त्याचा पत्ता टाकणं, म्हणजे गाडी वाटेतच बॅटरी गरम करत नेते. ही सवय नसलेले आणि घरी चार्जिंगची सोय नसलेले चालक एकाच वेळी त्याच मोजक्या चार्जरवर पोचले. एका गाडीला दुप्पट वेळ लागला की रांग झपाट्याने लांबत जाते.

नॉर्वेत बहुतेकांची गाडी घरी चार्ज होते. फिनलंड, स्वीडन आणि कॅनडात तर पार्किंगच्या जागी सॉकेट असलेले खांब कित्येक दशकांपासून उभे आहेत. पेट्रोल गाडीचं इंजिन रात्री गरम ठेवायला ते लावले होते. ईव्ही आली तेव्हा निदान तार तरी पोचलेली होती.

६. नॉर्वेत ईव्ही रुजण्याचं खरं कारण काय?

कर. आणि तोही एका दिवसात नाही, तीस-पस्तीस वर्षं चिकाटीने.

गोष्टीची सुरुवात मजेशीर आहे. १९८९ मध्ये 'आ-हा' या नॉर्वेच्या पॉप बँडमधले कलाकार आणि बेलोना या पर्यावरण संस्थेचे फ्रेडरिक हाउगे यांनी विजेवर चालणारी, बदल करून घेतलेली एक फियाट पांडा देशात आणली. टोलनाक्यांवरून ते टोल न देता जात आणि दंडही भरत नसत. शेवटी गाडी जप्त होऊन लिलावात निघायची, आणि बोली लावायला दुसरं कुणी नसल्याने ती परत त्यांच्याच हाती यायची. असा पोरखेळ चालला, पण बातम्या छापून येत राहिल्या. १९९० मध्ये ईव्हीला खरेदीकरातून तात्पुरती सूट मिळाली, १९९७ मध्ये टोल माफ झाला, २००१ मध्ये मूल्यवर्धित करही माफ झाला. पुढे बसच्या लेनमधून जाण्याची मुभाही मिळाली.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची, आणि तीच लोक विसरतात. नॉर्वेत पेट्रोल-डिझेल गाडीवर वजन, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन ऑक्साइड यांच्या हिशेबाने जबर नोंदणी कर लागतो. त्यामुळे महागडी ईव्ही आणि तिच्या तोडीची पेट्रोल गाडी दुकानात एकाच भावाला दिसत. सरकारने ग्राहकाला खिशातून पैसे काढून दिले नाहीत, कर घेतला नाही एवढंच. मोठी सबसिडी जाहीर करून ती अचानक गुंडाळणाऱ्या देशांपेक्षा हे टिकाऊ ठरलं (प्रश्न १२ पाहा). २०२३ पासून पाच लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर मूल्यवर्धित कर परत लागू झाला, तरी विक्री चढतच राहिली.

७. तेल विकून श्रीमंत झालेला देश, त्याला काय परवडत नाही! पैसा हेच कारण नाही का?

पैशाने सोपं झालं हे मान्य. पण नुसत्या पैशाने होत असतं तर स्वित्झर्लंड पुढे असायला हवा होता. तो देश श्रीमंत, वीज मुख्यतः पाणी आणि अणूची, अंतरं छोटी. तरी २०२४ मध्ये तिथल्या नव्या गाड्यांत ईव्हीचा वाटा १९ टक्क्यांच्या आसपासच होता. एक मोठं कारण घराच्या मालकीत आहे. स्वित्झर्लंडमध्ये बहुसंख्य लोक भाड्याने राहतात. इमारतीच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवायचा तर घरमालकाची मनधरणी करावी लागते, आणि भाडेकरू उद्या निघून गेला तर चार्जर कुणाचा हा वाद उरतोच. नॉर्वेत बहुतेक कुटुंबं स्वतःच्या घरात राहतात.

उलट बाजूने इथिओपिया आणि नेपाळ बघा. दोन्ही गरीब, आणि दोन्ही ईव्हीच्या बाबतीत कित्येक श्रीमंत देशांच्या पुढे.

८. इथिओपियाने पेट्रोल गाड्यांच्या आयातीवर बंदी घातली हे खरं आहे का? अर्ध्या देशात वीज नाही ना?

दोन्ही खरं आहे. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या सरकारने पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांची आयात बंद केली. त्यामागे परकीय चलन होतं. इंधन डॉलरमध्ये घ्यावं लागतं आणि डॉलर तिजोरीत नाहीत. वीज मात्र देशातल्याच नद्यांवर तयार होते, जवळजवळ सगळी. नाईलवरचं ५,१५० मेगावॅटचं महाधरण सप्टेंबर २०२५ मध्ये रीतसर सुरू झालं. स्वतःच्या चलनात मिळणारी वीज सोडून डॉलरचं पेट्रोल का जाळायचं, असा तो सरळ हिशेब.

निम्म्या लोकांच्या घरी वीज पोचलेली नाही, पण गाडी घेऊ शकणारे लोक बहुतेक राजधानी अदिस अबाबात आहेत आणि तिथे वीज आहे. अडचण आहे ती दुसरीच: राजधानीबाहेर चार्जर मोजकेच आहेत, सुटे भाग मिळत नाहीत आणि दुरुस्ती जाणणारे मेकॅनिक थोडे. बंदीमुळे जुन्या पेट्रोल गाड्यांनाही मागणी राहतेच. हवामान मात्र अनुकूल आहे. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरहून उंचावर आहे, तिथे ना कडक ऊन ना बर्फ.

९. आणि नेपाळ?

नेपाळ हे माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण. २०१५ च्या सप्टेंबरपासून पुढचे काही महिने भारताच्या सीमेवरून इंधन येणं जवळजवळ थांबलं होतं. पेट्रोल पंपांवर दिवसदिवस रांगा लागल्या. त्याच देशात काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात दिवसाला सोळा-अठरा तास वीज जायची. पुढे विजेची व्यवस्था सुधारली, नवे जलविद्युत प्रकल्प सुरू झाले आणि पावसाळ्यात वीज उरू लागली. पेट्रोल गाड्यांवर नेपाळने पूर्वीपासून भरमसाट कर लावलेला होता, त्यात ईव्हीला सवलत दिली. आज आयात होणाऱ्या चारचाकी प्रवासी गाड्यांपैकी तीनात दोनांहून अधिक विजेवरच्या असतात. काठमांडूहून निघणाऱ्या प्रवासी मायक्रोबसही झपाट्याने विजेवर जात आहेत. दिवसभर धावणाऱ्या गाडीला डिझेलची बचत लगेच दिसते.

तिथला कर मोटरच्या किलोवॅटवरून ठरतो. त्यामुळे कंपन्या १०० किलोवॅटच्या मर्यादेत बसेल अशी खास आवृत्ती नेपाळला पाठवतात. कर जसा आखाल तशी गाडी येते.

एक गोष्ट जाहिरातीत सांगत नाहीत. हिवाळ्यात नद्या आटतात आणि नेपाळ भारताकडून वीज विकत घेतो, ती बरीचशी कोळशाची असते. जुलैमधली नेपाळी ईव्ही पाण्यावर चालते, फेब्रुवारीतली काही अंशी कोळशावर.

१०. म्हणजे जलविद्युत भरपूर असली की ईव्ही आपोआप येतात?

मुळीच नाही. पॅराग्वे बघा. ब्राझीलबरोबरच्या १४,००० मेगावॅटच्या इताइपू धरणाची निम्मी वीज त्याच्या वाट्याची. सगळी वापरून होत नाही म्हणून उरलेली ब्राझीलला विकतो. वीज जवळजवळ शंभर टक्के पाण्याची, तेलाचा थेंब नाही. तरी रस्त्यावर ईव्ही विरळाच. चिलीमार्गे येणाऱ्या जपानच्या जुन्या, स्वस्त गाड्यांनी बाजार भरलेला असतो आणि नवी ईव्ही त्यांच्यापुढे कधीच स्वस्त ठरत नाही.

दुसरीकडे डेन्मार्ककडे पाणी नाही, डोंगर नाही. वीज निम्म्याहून अधिक वाऱ्याची. पण नव्या गाडीवरचा नोंदणी कर नॉर्वेसारखाच भारी आणि ईव्हीला त्यात मोठी सूट. २०२४ मध्ये तिथे निम्म्याहून थोड्या जास्त नव्या गाड्या ईव्ही होत्या. वीज कशापासून बनते यापेक्षा गाडीवर कर कसा लागतो याचा संबंध विक्रीशी जास्त दिसतो.

११. आखाती देशांत पैसाही आहे आणि ऊनही. मग तिथे ईव्ही का दिसत नाहीत?

पेट्रोल स्वस्त आहे म्हणून. सौदी अरेबियाने जुलै २०२१ मध्ये ९१ ऑक्टेन पेट्रोलला लिटरमागे २.१८ रियालची मर्यादा घातली, म्हणजे अर्ध्या डॉलरच्या आसपास. या भावात पेट्रोलवर होणारी बचत गाडीच्या जादा किमतीची भरपाई करत नाही. शहराशहरांत लांब अंतरं, मोठ्या गाड्यांची आवड आणि वाटेत चार्जर विरळ, हेही आहेच.

पण सगळं आखात एका मापाने मोजू नये. संयुक्त अरब अमिरातीने ऑगस्ट २०१५ मध्ये पेट्रोलचे भाव जागतिक बाजाराशी जोडले आणि तिथे ईव्ही जास्त दिसू लागल्या. अबू धाबीतल्या बराका अणुप्रकल्पाच्या चारही भट्ट्या २०२४ पर्यंत सुरू झाल्या. ५,६०० मेगावॅटचा हा प्रकल्प देशाची सुमारे पाव वीज पुरवतो. सौदीही गप्प नाही. सरकारी गुंतवणूक निधीची लुसिड या अमेरिकी ईव्ही कंपनीत बहुसंख्य मालकी आहे आणि तिचा जोडणी कारखाना २०२३ मध्ये तिथे सुरू झाला. घरात जाळलेलं तेल हे बाहेर न विकलेलं तेल असतं, हा हिशेब त्यांनाही समजतो. फक्त लोकांची पेट्रोलची सवय मोडायची कुणी, हा प्रश्न आहे.

१२. सबसिडी काढली की विक्री कोसळते का?

बहुतेकदा हो, निदान काही काळ. जर्मनीने डिसेंबर २०२३ मध्ये खरेदी अनुदान एक-दोन दिवसांच्या सूचनेवर बंद केलं. २०२४ मध्ये तिथली ईव्ही नोंदणी २७ टक्क्यांनी घटली. स्वीडनने नोव्हेंबर २०२२ मध्ये अनुदान थांबवलं आणि पुढे वाढ खुंटली. आइसलंडमध्ये वीज संपूर्णपणे पाण्याची आणि भूगर्भातल्या उष्णतेची, आणि २०२३ मध्ये नव्या गाड्यांपैकी निम्म्याच्या आसपास ईव्ही होत्या. जानेवारी २०२४ पासून मूल्यवर्धित कराची सूट गेली, त्याऐवजी मर्यादित अनुदान आलं, शिवाय ईव्हीला किलोमीटरमागे ६ क्रोना शुल्क लागलं. वाटा एकदम घसरला. वीज तीच होती, थंडीही तीच होती.

किलोमीटरमागे शुल्क हा वाद पुढेही येत राहणार, कारण पेट्रोलवरचा कर गेला की रस्त्यांसाठी पैसा कुठून आणायचा? ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने असं शुल्क लावलं होतं. असा कर लावायचा अधिकार राज्याला नाही, असा निकाल ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला.

१३. एकाच देशात थंड आणि उष्ण भाग असतील तर हवामानाचा परिणाम वेगळा काढता येतो का?

येतो, आणि तुलनेसाठी हीच सर्वांत प्रामाणिक पद्धत. चीनमध्ये धोरण मोठ्या प्रमाणात एकच, बनावटीच्या गाड्याही त्याच. दक्षिणेतल्या उष्ण हायनान बेटाने २०३० पर्यंत पेट्रोल गाड्यांची विक्री थांबवायचं ठरवलं आहे आणि तिथला वाटा देशात वरचा आहे. ईशान्येला हार्बिनकडे, जिथे पारा उणे २० च्या खाली जातो, प्रसार स्पष्टपणे मागे आहे. चिनी गाड्यांत लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटऱ्या जास्त असतात. त्या स्वस्त आणि टिकाऊ, पण थंडीत अधिक मंदावतात. इथे थंडीचा परिणाम डोळ्यांना दिसतो.

आता कॅनडा. क्युबेकमध्ये हाडं गोठवणारी थंडी असते, तरी ईव्हीत तो प्रांत देशात आघाडीवर. वीज नद्यांची आणि उत्तर अमेरिकेत स्वस्तातली, अनुदानही बरीच वर्षं चाललं. अल्बर्टातही थंडी तशीच, पण तो तेल-वायूचा प्रांत. तिथे प्रसार कमी, वर २०२५ पासून ईव्हीवर वर्षाला २०० डॉलरचं शुल्क. चीनचं उदाहरण थंडीकडे बोट दाखवतं, कॅनडाचं धोरणाकडे. दोन्ही बरोबर आहेत. थंडी अडवते, पण थंडीवर मात करता येते.

१४. वीज कोळशाची असेल तर ईव्ही म्हणजे धूर दुसऱ्याच्या गावात नेऊन सोडणं नाही का?

हिशेब करून पाहू. ईव्हीला शंभर किलोमीटरला १८ युनिट लागतात, चार्जिंगमधली गळती धरून भिंतीतून २०. पूर्ण कोळशाची वीज असेल तर युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे २० किलो. पेट्रोल गाडी त्याच अंतराला ७ लिटर जाळते. लिटरमागे २.३ किलो धरले तर १६ किलो. त्यात तेल काढणं, शुद्ध करणं, वाहून आणणं मिळवलं की तीही २० च्या जवळ पोचते. म्हणजे शंभर टक्के कोळशावर ईव्हीला हवामानाच्या दृष्टीने फायदा जवळजवळ नाही, आणि बॅटरी बनवतानाचा धूर धरला तर तोटाच.

पण शंभर टक्के कोळसा क्वचितच कुठे असतो. चीनमध्ये कोळशाचा वाटा साठ टक्क्यांच्या खाली आला आहे. तिथे तीच गाडी शंभर किलोमीटरला बारा किलोच्या आसपास राहते. नॉर्वेत अर्ध्या किलोच्याही खाली. आणि पेट्रोल गाडी घेतल्या दिवसापासून तशीच राहते, ईव्ही मात्र देशाची वीज सुधारेल तशी सुधारत जाते. शहरातला धूर आणि आवाज कमी होतो तो वेगळाच.

चीनने ईव्हीचा धोशा लावला त्याचं मोठं कारण मात्र हवामान नाही. त्याला सत्तर टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणावं लागतं, कोळसा घरचा असतो. २०२४ मध्ये तिथल्या नव्या प्रवासी गाड्यांपैकी जवळजवळ निम्म्या, प्लग-इन हायब्रिड धरून, प्लगवर चार्ज होणाऱ्या होत्या.

१५. सगळ्यांनी ईव्ही घेतल्या तर वीज पुरेल का?

वर्षाची वीज पुरते, संध्याकाळची पुरेल की नाही ते बघावं लागतं. नॉर्वेत सुमारे २९ लाख कार आहेत. प्रत्येक गाडी वर्षाला १२,००० किलोमीटर चालली आणि किलोमीटरला ०.२ युनिट लागलं, तर सगळ्यांना मिळून सुमारे ७०० कोटी युनिट. देशात वर्षाला १५,००० कोटी युनिटहून अधिक वीज तयार होते. पाच टक्क्यांच्या आतलं काम.

खरी कसोटी आळीतल्या ट्रान्सफॉर्मरची असते, सगळ्यांनी संध्याकाळी सहाला घरी येऊन एकदम प्लग लावला की. रात्री उशिरा स्वस्त दर ठेवला तर भार पसरतो. ऑस्ट्रेलियात उलटं आहे. तिथे तीन घरांमागे एका घरावर सौर पॅनेल आहे आणि दुपारी वीज उतू जाते, म्हणून दुपारी चार्ज करा असं सांगतात. दुपारी गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये असते, चार्जरही तिथेच हवा.

१६. डोंगराळ देशात ईव्ही दमते का?

चढावर वीज जास्त लागते, पण पेट्रोल गाडीसारखी ती धापा टाकत नाही. उंचावर हवा विरळ होते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. मोटरला हवेशी देणंघेणंच नाही. १,८०० किलोची गाडी हजार मीटर वर न्यायला सुमारे ५ युनिट जादा लागतात. उतरताना मोटर जनरेटरसारखी चालून त्यातले तीनेक युनिट परत देते आणि ब्रेकही तापत नाहीत. नेपाळच्या चालकांना ईव्ही आवडण्यात याचाही हात आहे.

अपवाद एक: माथ्यावरच्या हॉटेलात बॅटरी पूर्ण भरून सकाळी घाट उतरायला निघालात, तर परत आलेली वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते. अशा वेळी नेहमीचे ब्रेकच वापरावे लागतात. वरच्या मुक्कामी ऐंशी टक्क्यांवर थांबा.

१७. दुसऱ्या देशातून आणलेली ईव्ही आपल्याकडे चालेलच ना?

चालेल, पण चार्ज होईलच असं नाही. प्लगचे आकार चीन, युरोप आणि जपानचे वेगळे आहेत. गाडीतल्या नकाशाची आणि ॲपची सेवा त्या त्या देशापुरती असू शकते, आणि हमी तर बहुतेकदा नसतेच. प्लग जुळला तरी वायरिंग आडवं येतं. नॉर्वेत बऱ्याच घरांना जुन्या पद्धतीची, न्यूट्रल नसलेली २३० व्होल्टची जोडणी आहे. युरोपात इतरत्र बिनतक्रार चालणाऱ्या काही गाड्या तिथे अर्थिंग तपासून चार्ज घ्यायलाच नकार देत. प्लग नीट बसलेला, दिवा लागलेला, आणि गाडी मात्र सकाळी आदल्या रात्रीइतकीच रिकामी.